बरणीतला अवयव आणि पडद्यावरचे चित्र
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिष्यवृत्ती समितीच्या चिटणिसांनी या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली आणि विषयाची निवड आमच्यावर सोपविली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात मुलांना भूगोल आणि सामान्य विज्ञान शिकविण्यात गेली. अशा माणसाने वैद्यकाच्या अभ्यासाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आमची नात वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे, आणि सुटीत घरी आली म्हणजे आजोबांना समोर बसवून ती आपला पाठ म्हणते. चाळीस वर्षे आम्ही मुलांचे पाठ ऐकले. आता नातीचा ऐकतो. त्या निमित्ताने जे पाहिले, वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजावून घेतले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवणार आहोत.

बोलण्यास निमित्त आणखीही एक आहे. यंदा समितीकडे वैद्यकीय शाखेच्या मुलामुलींचा एक अर्ज आला. पुस्तकांसाठी जी रक्कम दरसाल मिळते तिच्यातला काही भाग वळवून वसतिगृहात एक मोठा पडदा आणि आंतरजालाची चांगली जोडणी करून द्यावी, अशी त्यांची मागणी. बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, ‘चित्रे पाहून कोणी डॉक्टर झाला आहे काय?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येण्यासारखे नाही, म्हणून हे व्याख्यान.

रोगाने शरीराच्या आत काय बिघाड होतो, हे सांगणाऱ्या शास्त्रास विकृतिशास्त्र म्हणतात. मुले त्यास पॅथॉलॉजी म्हणतात. हे शास्त्र मुळातच डोळ्यांचे आहे. इटलीतील पाडुआ येथील मोर्गाग्नी याने १७६१ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात रुग्णाची हयातीतली लक्षणे आणि मृत्यूनंतर उघडून पाहिलेल्या अवयवातील बिघाड यांची सांगड शेकडो उदाहरणांनी घातली होती. पुढे १८५८ साली जर्मनीत विर्खो याने रोगाचे मूळ पेशीत आहे असे प्रतिपादन केले, आणि डॉक्टरांची नजर अवयवावरून सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीवर गेली. तेव्हापासून आजवर या विषयाचा विद्यार्थी दोन गोष्टी पाहून शिकत आला : बरणीतला अवयव आणि काचेवरचा काप.

आपल्या इलाख्यात मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. तेथून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. सोलापूरच्या मुलांस मात्र वैद्यक शिकायचे तर गाव सोडावे लागे. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनाही मुंबईस सेठ गोवर्धनदास सुंदरदास कॉलेजात जावे लागले. तेथून पुढे १९३८ साली ते चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले, हे आपण सर्व जाणता. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९६३ साली. तेव्हापासून सोलापूरच्याच नव्हे, तर धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी या बाजूंच्या रुग्णांवर येथे इलाज होतो आणि त्या रुग्णांच्या दुखण्यावरच मुले शिकतात.

वैद्यकीय महाविद्यालयातील विकृतिशास्त्राचे संग्रहालय ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. फळ्यांवर काचेच्या चौकोनी बरण्या मांडलेल्या असतात; एकीत दारूने खडबडीत झालेले यकृत, दुसरीत क्षयाने पोखरलेले फुप्फुस, तिसरीत मेंदूतील गाठ. फॉर्मॅलिनमध्ये अवयव टिकतो, पण त्याचा रंग उडून सारे करडे दिसू लागते. रंग राहावा म्हणून जर्मनीतील कायझरलिंग याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक कृती काढली. ती अजून चालते. तरीही बरणी ती बरणीच. दीडदोनशे विद्यार्थ्यांच्या तुकडीत तिच्यापुढे एका वेळी चार मुले नीट उभी राहू शकतात. परीक्षेच्या आदल्या रात्री ती उघडून कोणी देत नाही. आणि नवी बरणी येते कोठून? एक तर शस्त्रक्रियेत काढलेल्या अवयवातून, नाही तर शवविच्छेदनातून. पोलिसी प्रकरणात होणारे विच्छेदन वेगळे. रोगाचा शोध घेण्यासाठी नातलगांच्या संमतीने जे व्हावयाचे, ते साऱ्या जगात कमी होत चालले आहे. म्हणजे बरण्या जुन्या होत आहेत, आणि शिकणारे वाढत आहेत. आज आपल्या देशात एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाच्या वर गेल्या आहेत.

आता पडद्यावरचे चित्र. हे कसे तयार होते ते आपल्या समाजास समजावून सांगणे मुळीच अवघड नाही. ज्यांचे वाडवडील मागावर बसले, त्यांनी चौकटीच्या कागदावर काढलेली चादरीची नक्षी पाहिली आहे. एकेक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एकेक भेट. चौकोन भरला तर एक रंग, रिकामा तर दुसरा. जवळून पाहिले तर नुसते चौकोन, चार हात लांबून पाहिले तर मोर. जॅकार्डच्या पुठ्ठ्यांवरची भोके हीच गोष्ट यंत्राला सांगतात. संगणकावरचे चित्र अगदी याच रीतीचे आहे. १९७१ साली लंडनला एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन घेतला गेला, तेव्हा ते चित्र ८० उभ्या आणि ८० आडव्या घरांचे, म्हणजे अवघ्या ६,४०० चौकोनांचे होते. आजच्या सीटीच्या एका कापात ५१२ गुणिले ५१२ घरे असतात. हा स्कॅनर ज्याने सिद्ध केला त्या हाउन्सफील्डला आणि त्यामागचे गणित मांडणाऱ्या कॉरमॅकला १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

काचेवरच्या कापाचे चित्र याहून पुष्कळ मोठे. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घट्ट करतात, मेणात बसवितात, आणि यंत्राच्या पात्याने त्याचे काप काढतात. कापाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. असे तीन ते पाच भाग. मग दोन रंग देतात. पेशीचे केंद्रक निळेजांभळे होते, बाकीचा भाग गुलाबी. असा काप आता स्कॅनरमध्ये घालून त्याचे पूर्ण चित्र उतरविता येते. आम्ही नातीला पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करावयास लावला. काप २० मिलिमीटर लांब, १५ मिलिमीटर रुंद, आणि चित्राचे एकेक घर मिलिमीटरच्या चार हजाराव्या भागाएवढे. उत्तर आले ४८० कोटी घरे! इतके चित्र एकदम कोणत्याही पडद्यावर मावत नाही. म्हणून नकाशाच्या पुस्तकाप्रमाणे त्याचे तुकडे पाडून ठेवतात, आणि विद्यार्थी बोटाने जेथे जाईल तेथला तुकडा तेवढा पुढे येतो. आधी जगाचा नकाशा, मग महाराष्ट्राचा, मग सोलापूर जिल्ह्याचा, मग आपल्या गल्लीचा, असे उतरत उतरत पेशीपर्यंत जाता येते. भूगोलाच्या शिक्षकाला हे फार आवडले, हे सांगावयास नकोच.

मेंदूच्या बाबतीत तर चित्राशिवाय गत्यंतरच नाही. हाताने चाचपता येत नाही, नळीने ऐकता येत नाही. कवटीच्या पेटीत बंद असलेला हा एकच अवयव असा की जिवंतपणी त्याचे दर्शन चित्रातच व्हावयाचे. सीटीत ताजा रक्तस्राव पांढरा दिसतो. एमआरआयची रीत निराळी; तेथे क्ष-किरण नसून प्रबळ चुंबक असतो, आणि एकाच जागेची चित्रे दोन-चार प्रकारे काढतात. एका प्रकारात पाणी काळे, तर दुसऱ्या प्रकारात तेच पाणी पांढरे. ज्याने एक-दोनच चित्रे पाहिली तो विद्यार्थी यात हमखास गोंधळतो. शंभर पाहिली म्हणजे डोळा बसतो. आमच्या लिहिण्याच्या वर्गात अक्षर असेच वळत असे.

ही शंभर चित्रे परदेशातील काही जाणत्या लोकांनी विनामूल्य मांडून ठेवली आहेत. अमेरिकेत हार्वर्ड येथे जॉन्सन आणि बेकर या दोघांनी १९९५ च्या सुमारास मेंदूच्या स्कॅनचा एक संग्रह आंतरजालावर ठेवला. निरोगी मेंदू आणि रोगट मेंदू शेजारी शेजारी. युटा राज्यातील विद्यापीठात क्लॅट नावाच्या प्राध्यापकांनी विकृतिशास्त्राच्या बरण्या आणि काप यांची चित्रे प्रश्नोत्तरांसह मांडली. आमची नात ‘वेबपॅथ’ म्हणते ते हेच. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचे डॉ. फ्रँक गेलार्ड यांनी २००५ साली ‘रेडिओपीडिया’ सुरू केले. त्यात जगभरचे डॉक्टर आपापल्या रुग्णांची चित्रे नाव-गाव काढून घालतात, आणि एकाच रुग्णाचे सर्व काप विद्यार्थ्याला वरून खालपर्यंत सरकवून पाहता येतात. पुस्तकात मात्र निवडलेला एकच काप छापलेला असतो, आणि त्यावर बाण दाखविलेला. रुग्ण समोर आला म्हणजे त्याच्या स्कॅनवर बाण नसतो.

आपला देशही अगदी मागे नाही. बंगळुरास निम्हान्स या संस्थेत मानवी मेंदूंचा जो संग्रह आहे तो पाहण्यास शाळेची मुलेसुद्धा जातात. मद्रासच्या आय.आय.टी.ने डिसेंबर २०२४ मध्ये गर्भातील बाळाच्या मेंदूचा ‘धरणी’ नावाचा चित्रसंग्रह सर्वांसाठी खुला केला. त्यात ५,१३२ काप आहेत, आणि पेशी दिसाव्यात इतके ते सूक्ष्म आहेत.

येथपर्यंत ऐकून आपणांस वाटेल की सर्व काही आयते मिळाले आहे, पडदा लावला की काम झाले. आमच्या म्हणण्याचा मुद्दा येथूनच पुढे सुरू होतो. या संग्रहांतली चित्रे बहुतांशी ज्या लोकांची आहेत, त्यांचेच रोग त्यांत मुबलक आहेत.

एक उदाहरण देतो. आपल्याकडे धडधाकट तरुणास एकाएकी फिट येते. स्कॅन काढला तर मेंदूत एक लहानसे वर्तुळ दिसते. ते क्षयाची गाठ असू शकते, किंवा फीतकृमीच्या अळीची पुटकुळी असू शकते. औषधे अगदी वेगळी. क्षयाची औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचे स्कॅन बारकाईने तपासून यासाठी खुणा ठरविल्या : वर्तुळ २० मिलिमीटरपेक्षा लहान, कडा नीटस, आणि मेंदूचा मधला भाग एका बाजूस ढकललेला नाही, तर बहुधा अळी, मोठे आणि वेडेवाकडे असेल तर क्षयाची शंका अधिक. भारतातले रोग भारतातल्या चित्रांवर पाहून ठरविलेला हा नियम आहे. (जाता जाता सांगतो, ही अळी केवळ मांसाहाऱ्यांस होते असा आपल्यात समज आहे तो खरा नाही. कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून घाणेरड्या पाण्यावाटे भाजीपाल्यावर येतात. शाकाहारी माणसालाही ती बाधतात. कोथिंबीर धुऊन घ्यावी.)

याहून जुने उदाहरण तर आपल्या जिव्हाळ्याचेच आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मुंबईचे थोर विकृतिशास्त्रज्ञ. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची उभारणी त्यांनी केली. त्यांनी १९४५ साली सूर्याबाई या सहकारिणीबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या चालीरीतींमुळे हिंदुस्थानात होणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते. त्यांतला एक धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट कसल्याने तेथील कातडीवर होणारा. धोतरे आणि लुगडी विणणाऱ्या आपल्या लोकांनी हे ऐकून ठेवावे. लंडनच्या कोणत्याही बरणीत हा रोग दिसला नसता, कारण तेथे धोतर नेसतच नाहीत. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट तशीच. त्याची चित्रे आपल्याकडे नसतील तर कोठे असणार?

तर मग आपल्याकडची चित्रे संग्रहांत थोडी का? कारणे अनेक आहेत. डॉक्टरांस सवड नाही, स्कॅनर महाग आहेत. परंतु एक कारण आपल्या घरात आहे. डॉक्टर विचारतात, ‘यांच्या आजाराची चित्रे नाव काढून शिकविण्यासाठी वापरू का?’ आणि आपण उठून उभे राहतो. आमच्या नात्यातील एका घरी हे घडलेले आम्ही जाणतो. रुग्ण बरा होऊन घरी आला होता, तरी मुलांनी नकार दिला. त्यांची भीती निराधार होती असेही आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या एका ठिकाणी (नाव घेण्याचे कारण नाही) आमच्याच एका शेजाऱ्याच्या स्कॅनचे छायाचित्र, कोपऱ्यात पूर्ण नाव आणि वय असलेले, मोबाईलवरून या गटातून त्या गटात फिरत त्याच्या मुलीच्या सासरपर्यंत पोहोचले होते. असे झाल्यावर लोक कशाला हो म्हणतील?

म्हणून यातले बारकावे आपण समजून घेतले पाहिजेत. स्कॅनच्या फाईलीत चित्राबरोबर रुग्णाचे नाव, जन्मतारीख, रुग्णालय, दिवस आणि वेळ ही सर्व लिहिलेली असतात. ती नुसती झाकून चालत नाही, पुसावी लागतात. काही वेळा नाव चित्रावरच उमटलेले असते. डोक्याच्या एमआरआयमध्ये तर आणखी एक गंमत आहे, किंवा धोका म्हणा. त्या कापांवरून संगणक चेहरा पुन्हा घडवू शकतो. अमेरिकेत २०१९ साली ८४ स्वयंसेवकांवर हा प्रयोग झाला. ७० जणांचा चेहरा छायाचित्रांशी बरोबर जुळला. यास्तव चांगले संग्राहक चित्र घालण्यापूर्वी नाका-डोळ्यांचा भाग काढून टाकतात. आपल्या संसदेनेही २०२३ साली माणसाच्या खाजगी माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला आहे.

संमती घेणे म्हणजे काय, हे न विचारता केलेल्या गोष्टींवरून अधिक कळते. अमेरिकेतील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९४ साली एका पुरुषाच्या संपूर्ण देहाचे एकेक मिलिमीटरचे १,८७१ काप चित्रित करून जगासमोर ठेवले. तो देह टेक्सास येथे देहान्त शिक्षा झालेल्या एका कैद्याचा. त्याने विज्ञानासाठी देह देण्यास मान्यता दिली होती. पण आपले अंग पायापासून डोक्यापर्यंत साऱ्या जगाच्या पडद्यावर येणार आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या देहावर हजारो विद्यार्थी शिकले हे खरे. तरी हे वाचून आमच्या मनाला बरे वाटले नाही.

तेव्हा आमची विनंती अशी आहे. डॉक्टरांनी विचारले तर एकदम नाही म्हणू नका. चार प्रश्न विचारा : नाव आणि तारीख काढणार काय, चेहरा दिसणार काय, चित्र कोठे ठेवणार, आणि आम्ही नाही म्हटले तर इलाजात काही फरक पडेल काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘मुळीच नाही’ असेच असले पाहिजे. ते तसे आले नाही तर तेथे सही करू नये. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्यावी. आंतरजालावर गेलेले चित्र पुढे मागे परत घेऊ म्हटले तर ते सहसा साधत नाही. उत्तरे समाधानकारक असतील तर होकार द्यावा, असे आमचे मत आहे. आपली मुले परक्या माणसांच्या दुखण्यावर फुकट शिकत आहेत; मेलबर्नच्या त्या रुग्णांनी आपल्या मुलांची जात किंवा गाव विचारले नाही.

देहदानाविषयीही या सभेत विचारणा झाली आहे. आपल्या राज्यात त्यासाठी १९४९ चा कायदा आहे. दान केलेला देह शरीररचनेच्या विभागात जातो, विकृतिशास्त्राच्या नव्हे. अपघाती किंवा पोलिसी प्रकरणातील देह सहसा घेत नाहीत. हयातीत अर्ज भरला तरी शेवटी देह पोहोचविणारे घरचेच असतात, तेव्हा मुलांना आणि सुनांना आधी सांगून ठेवावे. आम्ही उभयतांनी अर्ज भरला आहे. आमच्या घरी त्यावर दोन दिवस बोलणे झाले, एक दिवस अबोला. मग सर्व सुरळीत झाले.

राहता राहिला समितीपुढील अर्ज. वडीलधाऱ्या सभासदांचा प्रश्न आम्ही नातीलाच विचारला. तिने सांगितले, ‘आजोबा, कर्करोगाची गाठ हाताला दगडासारखी लागते आणि साधी गाठ रबरासारखी, हे पडद्यावर कळत नाही. पण हाताला लागेल ते काय आहे, हे आधी पाहिले नसेल तर हातालाही कळत नाही.’ आम्हांस हे पटते. म्हणून पुस्तकांची रक्कम साफ बंद करून पडदा घेऊ नये. मूळ पाठ्यपुस्तके पेढीत राहावीत, आणि दरसाल नवी आवृत्ती घेण्याचा जो खर्च होतो तेवढा दोन वर्षे थांबवून पडदा व जोडणी करावी. पडदा बारीक छटा दाखविणारा असावा. करमणुकीसाठी घेतलेल्या साध्या पडद्यावर करड्यातला करडा ओळखू येत नाही, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये सारा खेळ करड्या रंगाचाच असतो. खोली रात्री दहानंतरही उघडी ठेवावी. आणि आपल्या समाजातील जे डॉक्टर शहरात व्यवसाय करतात, त्यांपैकी एखाद्याने पंधरा दिवसांतून एक रविवार तेथे बसून मुलांबरोबर पाच स्कॅन पाहावेत. चित्र फुकट मिळते, पण ते कसे पाहावे हे दाखविणारा मनुष्य लागतोच. दोघा डॉक्टरांनी आमच्यापाशी तसे कबूल केले आहे. नावे चिटणिसांकडे दिली आहेत.